निरोगी गटातली उत्कर्षा

अलीगंज, लखनौ
१४ जुलै २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू मला म्हणालीस, "उत्कर्षा, तू मराठी बोलतेस की हिंदीला नऊवारी नेसवतेस?" आणि लगेच हुकूम सोडलास की यापुढे फोन नाही, पत्र लिहायचं, तेही मराठीत. भंडाऱ्यात जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईनं निवृत्त झाल्यावर भाचीचं व्याकरण हातात घ्यावं हा माझ्यावर अन्याय आहे. पण लिहिते. माझा जन्म इथला, पप्पांची नोकरी मानक नगरला रेल्वेत, त्यामुळे कॉलनीतल्या शुक्ला-श्रीवास्तवांच्या पोरींत वाढले. घरात मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायचं, असंच चाललं. तेव्हा चुका पोटात घाल.

तू विचारलंस, मी नेमकं काय काम करते. मम्मी शेजारच्या मिश्रा आंटींना सांगते की आमची मुलगी "चमकने वाला पाउडर" बनवते. आंटींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "बिटिया, शादी में लगाने वाला भी बनाती हो?" पीएच.डी.ची एवढी अब्रू अजून कुणी घेतली नव्हती.

तर ऐक. चिनहटच्या औद्योगिक भागात एका बिस्किटाच्या कारखान्यामागे आमची छोटीशी प्रयोगशाळा आहे. तिथे मी अतिसूक्ष्म कण बनवते. एका केसाच्या रुंदीत हजारभर सहज बसतील इतके बारीक. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकला की ते हिरवे उजळतात. किडनीला इजा होऊ लागली की लघवीत एक प्रथिन वाढतं, रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत काही दिसायच्या बरंच आधी. माझे कण त्या प्रथिनाला पकडतात. कागदाच्या पट्टीवर लघवीचा थेंब टाकायचा. पट्टीवरची रेघ हिरवी चमकली तर प्रथिन आहे, अंधार राहिला तर माणूस ठीक. थोडक्यात, लोकांची लघवी चमकवणं हा माझा धंदा. स्थळं का जुळत नाहीत असं मम्मीला विचारू नकोस.

आजारी माणसांचे नमुने एका दवाखान्यातून रीतसर परवानगीनं येतात. पण तुलनेला निरोगी माणूस हवाच. तो मान मी स्वतःकडे घेतला आहे. निरोगी गट, नमुना क्रमांक एक: कुमारी उत्कर्षा रामटेके, वय बत्तीस. पहिल्यांदा कुठेतरी पहिला नंबर.

आता मुद्द्याचं. पप्पा सांगत होते की दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुणी श्रीरंगराव गाडी घेऊन तुझ्या दारात येतात आणि तू नटून निघतेस. हे गृहस्थ कोण? आमच्याकडून काहीही हरकत नाही.

तुझी,
उत्कर्षा

*

भंडारा
२६ जुलै

चि. उत्कर्षा,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्याच पत्रावर लाल पेनानं दुरुस्त्या करून ते सोबत परत पाठवते आहे. "रितसर"ची "रि" पहिलीच्या मुलालाही दीर्घ लिहिता येते. एकंदरीत तेहतीस टक्के. पुढच्या वर्गात ढकललं आहे.

तुझ्या कामाचं वाचून छाती फुगली. मी मात्र जन्मभर नकाशावर बोट ठेवून "ही गोदावरी" म्हणत राहिले आणि खरी गोदावरी पाहिली ती निवृत्तीनंतर, बसच्या खिडकीतून, तीही अर्धी झोपेत. आपल्या घराण्यात कुणीतरी खरं काही करतं आहे.

श्रीरंगरावांचं म्हणशील तर ते पलीकडच्या गल्लीत राहतात, वय बहात्तर, केस रंगवतात. मंगळवार-शुक्रवार आमचं मंडळ असतं. त्यांच्या सौभाग्यवती चारुलताबाईही त्याच गाडीत असतात, हे तुझ्या पप्पांना दिसलं नसेल, कारण त्यांना ही बातमी फोनवरून कळली आणि फोनवर माणूस जे ऐकायचं तेच ऐकतो. मंडळात काय करतो? बसतो. गप्पा मारतो. कधी डुलकी काढतो. निवृत्त माणसांचं आणखी काय असणार? नटून जाते हे मात्र खरं. म्हातारपणी चार लोकांत जायचं तर धुतलेली साडी नको का?

देवाला, म्हणजे तुझ्या पप्पांना, म्हणावं, बहिणीच्या दारातल्या गाड्या मोजणं सोड. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतोस का ते सांग.

तुझी,
आत्या

*

अलीगंज
१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

मंडळाबद्दल तू जे लिहिलंस त्यावर माझा विश्वास बसलेला नाही. पण सध्या मला कुणाच्या प्रेमात लक्ष घालायला फुरसत नाही, कारण माझी स्वतःची फजिती झाली आहे. वाच आणि हास.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत दिल्लीहून पाहुणे आले होते. आमच्या कामाला पुढे मदत करायची की नाही हे ते ठरवणार. आमचे प्रमुख विश्वजित सर नवीन बुशशर्ट घालून आले. मी दिवे घालवले, आजारी माणसाचा नमुना पट्टीवर टाकला, रेघ हिरवीगार! पाहुणे "वाह" म्हणाले. मग मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "और अब देखिए, एक बिल्कुल स्वस्थ व्यक्ति।" आणि माझा, म्हणजे नमुना क्रमांक एक, टाकला.

आत्या, तोही चमकला.

विश्वजित सर हळूच म्हणाले, "उत्कर्षा जी, आपका स्वस्थ व्यक्ति तो बीमार से भी ज़्यादा चमक रहा है।" माझ्याबरोबर काम करणारी रुचिरा टेबलाखाली वाकून हसत होती. नंतर म्हणाली की पेन शोधत होते.

खरं म्हणजे मी हे आधीही दोनदा पाहिलं होतं. पट्टी खराब असेल म्हणून सोडून दिलं होतं. तेव्हापासून कणांमागे हात धुऊन लागले आहे. कणांवरचा लेप बदलला. पट्टीचा कागद बदलला. पाणी बदललं. रुचिराचा नमुना टाकला की अंधार, सरांचा टाकला की अंधार, वॉचमन भैयांचा टाकला तरी अंधार. फक्त माझा टाकला की दिवाळी. म्हणजे माझे कण मलाच ओळखून चमकतात, आईला पाहून बाळ हसावं तसे. कितीही लाडानं वाढवा, अवलाद शेवटी तोंडावर पाडते. आता माझा नमुना "बिघडलेला" म्हणून आकड्यांतून काढून टाकायचं ठरवलं आहे.

या सगळ्यात पाठ धरली आहे. कमरेच्या वर, दोन्ही बाजूंना. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून दुसरं काय होणार? दुखणं थांबवायची गोळी घेते आणि पुढे चालते. दाताच्या डॉक्टरनं सहज रक्तदाब मोजला तर एकशे पन्नासच्या वर निघाला. मी त्याला सांगितलं, हा माझा नाही, विश्वजित सरांचा आहे, मी फक्त सांभाळते.

श्रीरंगरावांना माझा नमस्कार सांग. चारुलताबाई खरोखर असतील तर त्यांनाही.

तुझी,
उत्कर्षा

*

भंडारा
९ सप्टेंबर
(स्पीड पोस्टानं)

उत्कर्षा,

या पत्रात तुझ्या चुका काढत नाही, यावरून ओळख की काहीतरी गंभीर आहे.

तुझे कण बिघडलेले नाहीत. हे पत्र वाचून झालं की ऊठ आणि पोटाची सोनोग्राफी करून घे. ती दुखण्याची गोळी आजपासून बंद. मी फोनही केला होता, पण तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवलास, आणि दुसऱ्यांदा लावायचं धैर्य मला झालं नाही. लिहिताना निदान आवाज कापत नाही.

आमचं मंडळ म्हणजे डायलिसिस आहे. गेल्या फेब्रुवारीपासून. श्रीरंगराव आपल्या बायकोला घेऊन जातात, तिची खाट माझ्या शेजारी आहे, म्हणून मलाही गाडीत जागा मिळते. माझ्या दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत. त्या जन्मभर वाढत राहतात आणि किडनीची चांगली जागा हळूहळू खाऊन टाकतात. हा आजार रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी. आमची आई अंगाला सूज येऊन गेली, तेव्हा गावातले लोक अंगात वारं शिरलं म्हणाले. आता वाटतं, तेच असणार. मला आहे. देवाला आहे की नाही, माहीत नाही. त्याचा रक्तदाब आणि तुझी पाठ पाहता मला झोप लागत नाही.

डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, भावाला कळवा, त्याला तपासून घेऊ दे. मी "हो" म्हटलं. पोरं "गृहपाठ उद्या आणतो बाई" म्हणतात ना, तसं. का नाही सांगितलं? एक, देवा ऐकताक्षणी स्वतःची किडनी काढून ताटात वाढायला आला असता. दोन, तुझी स्थळं चालू होती. घरात असा आजार आहे हे कळलं की लोक चहाही न पिता उठतात. तिसरं कारण माझं स्वतःचं. मला शहाणं दिसायची फार हौस आहे, आणि आजारी बाईला दुसऱ्याच्या चुका काढता येत नाहीत. लोक लगेच डोळ्यांत पाणी आणून "हो हो" म्हणतात.

तू तुझा नमुना काढून टाकायला निघालीस. मीही तेच केलं, फक्त माझ्याकडे पट्टी नव्हती.

सोनोग्राफी कर. आधी ती, मग माझ्यावर रागव.

आत्या

*

अलीगंज
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

आधी सोनोग्राफी केली. आता रागावते.

मला आहे. दोन्ही बाजूंना. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर काळे गोळे दाखवले; मला वाटलं, हे ढगांचं चित्र कुणाचं? किडनीचं काम अजून चांगलं चाललं आहे, असं त्या म्हणाल्या. रक्तदाबाची गोळी, भरपूर पाणी, मीठ कमी, दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. "लक्ष ठेवलं तर पुष्कळ वर्षं निघतील," असंही म्हणाल्या. "आपको पता कैसे चला?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मैडम, मैंने ही बनाया था, मैंने ही नहीं माना।" त्या हसल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. रुचिरा शेजारी बसून होती. या खेपेला तिनं पेन शोधलं नाही.

माझ्या शहाणपणाची गंमत बघ. बिघडलेलं यंत्र दुरुस्त करण्यात मी तीन आठवडे घालवले, आणि बिघडले होते मी. तिघांची पट्टी बरोबर निघाली, चौथी माझी, तरी दर वेळी दोष कणांना. मी शिकलेली बाई आहे ना, मला कसं काही होईल!

पण कण देव नाहीत, हेही सांगते. रुचिराच्या वहिनीला लघवीचा साधा संसर्ग झाला होता, तिचीही रेघ चमकली. म्हणजे पट्टी एवढंच सांगते की काहीतरी चाललं आहे, जाऊन बघा. काय चाललं आहे ते तिला कळत नाही. सर म्हणाले, संसर्गाचं जरा मोघम लिहू. मी म्हटलं, नाही, स्पष्ट लिहू. एकदा माझ्या सोयीनं एक नमुना काढून टाकायला निघाले होते, तेवढं पुरे. सरांनी मग स्वतःच्याच हातानं माझं नाव निरोगी गटातून उचलून दुसऱ्या गटात ठेवलं आणि म्हणाले, "सॉरी।" त्यांच्या नावावर टाकलेला रक्तदाब मी परत घेतला.

पप्पांनाही आहे. माझ्यापेक्षा पुढे गेलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही वर्षांनी डायलिसिस लागेल अशी तयारी ठेवा. तेव्हापासून ते कुणाशी बोलत नाहीत. घरी आले आणि स्वयंपाकघरातला नळ काढून दुरुस्त करत बसले. नळ चांगला होता. आता गळतो.

तुझ्या स्थळांच्या कारणाबद्दल मात्र खरंच राग आला. आत्या, माझी स्थळं मोडायला मला कुणाच्याही किडनीची मदत लागत नाही. मी एकटी पुरेशी आहे. आणि तू तिथे दर मंगळवारी-शुक्रवारी एकटी सुया टोचून घेत होतीस आणि मी तुला श्रीरंगरावांवरून चिडवत होते! हे तू मला करू दिलंस. मला आता किती ओशाळं वाटत असेल याचा विचार तरी केलास का?

इथे ये. अलीगंजमध्ये घराजवळच डायलिसिसचं केंद्र आहे. मी बोलून आले आहे, जागा होईल.

खाली पप्पांनी काहीतरी लिहिलं आहे. कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

उत्कर्षा

*ताई, लहानपणी तुला ताप आला की तू आधी मला सांगायचीस, म्हणजे मी जाऊन आईला सांगावं. या वेळी कुणालाच सांगितलं नाहीस. पुढची खोली रिकामी केली आहे. देवानंद.*

*

भंडारा
१७ ऑक्टोबर

चि. उत्कर्षा,

अनेक आशीर्वाद.

रागावलीस ते बरोबर आहे. शंभरपैकी शंभर.

देवाच्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. पण मी येणार नाही. माझी खाट इथे ठरलेली आहे, इथल्या सिस्टरला माझ्या हाताची शीर डोळे मिटून सापडते. चारुलताबाईंना माझ्याशिवाय गप्पा मारायला कुणी नाही. श्रीरंगराव बाहेर बसून आरशात केस बघतात. शिवाय लखनौला मी एकदाच आले होते, तुझ्या बारशाला. तेव्हा कुणीतरी मला "आप तशरीफ़ रखिए" म्हटलं आणि मी बसायचं सोडून माझी पिशवी खाली ठेवली. सगळे हसले. इतक्या अदबीच्या गावात माझ्यासारख्या खडूस बाईचं काय काम?

दोघांनी औषधं घ्या. पाणी प्या. माझी काळजी करू नका.

आत्या

*

अलीगंज, लखनौ
१९ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षा,

अनेक आशीर्वाद.

तू दोन महिन्यांसाठी पुण्याला गेलीस आणि तुझ्या खोलीत मी राहते आहे, म्हणून पुन्हा पत्राची पाळी आली. तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत तुझी पट्टी शंभर माणसांवर तपासतायत, याचा आनंद आहे. संसर्गाचं कलम ठळक अक्षरांत घातलंस ना?

तू गेल्यावर इथे काय काय झालं ते लिहिते. मला भंडाऱ्याहून आणताना देवानं जो तमाशा केला तो तुला माहीतच आहे: न कळवता दारात उभा राहिला, तोंडातून अवाक्षर काढलं नाही आणि माझी भांडी पोत्यात भरायला लागला. मी कढई एका बाजूनं ओढली, त्यानं दुसऱ्या. साठी उलटलेली दोन म्हातारी कढईसाठी झोंबत होती आणि चारुलताबाई दारातून माझं नाव घेऊन म्हणत होत्या, "जा गं द्रौपदी, मला फोन करत जा." करते. रोज. माझं फोनविषयीचं मत बदललं आहे, पण मराठीविषयीचं नाही.

इथे आल्यावरही देवा माझ्याशी नीट बोलत नव्हता. "चहा घे", "चप्पल घाल", एवढंच. तुझी मम्मी सरला बिचारी आमच्या दोघांत निरोप्याचं काम करायची. केंद्रावर मला सोडायला यायचा आणि बाहेर झाडाखाली स्कूटरवर बसून राहायचा. आत यायचा नाही. मला वाटलं, अजून राग आहे. राहू दे, माझाच दोष आहे.

काल थंडी फार होती. धुक्यात समोरची इमारत दिसत नव्हती. इथला ऋषभ नावाचा तंत्रज्ञ बाहेर जाऊन त्याला म्हणाला, "अंकल, अंदर बैठिए, जम जाएँगे।" तेव्हा कुठे आत आला आणि माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. यंत्राकडे बघेना. माझ्या नळ्यांकडे बघेना. छताकडे बघत होता. मी डोळे मिटले, म्हटलं, त्याला अवघडायला नको.

थोड्या वेळानं त्याला वाटलं, मी झोपले. आणि तो बोलायला लागला. अगदी हळू, आपल्या भंडाऱ्याच्या बोलीत. लखनौत इतकी वर्षं राहून मला वाटलं होतं ती विसरला असेल.

म्हणाला, "ताई, मी रागावलो नाही वं. मला भेव लागते. उद्या मलेबी याच खाटेवर निजा लागन. शाळेत तू पुढे, मी मागे. नदीत उतरायचं तं तू पुढे, मी मागे. तू सांगत जायची, इथं पाय ठेव, इथं खोल आहे. आता तू एकटीच पुढे गेली अन् मले सांगितलंच नाही कसं असते ते."

उत्कर्षा, कुशीवर वळून झोपेचं सोंग पुढे चालवावं, असंही मनात आलं. सोंग मला चांगलं जमतं, तुला अनुभव आहे. मग डोळे न उघडताच म्हटलं, "देवा, फार काही नसते. सुई टोचताना तेवढं दुसरीकडे बघायचं."

तो दचकला. स्टूल वाजलं. मग अगदी लहान पोरासारखं विचारलं, "दुसरीकडे म्हणजे कुठे?"

म्हटलं, "ते ज्याचं त्यानं शोधायचं. मी पुढच्या खेपेला तुझ्या टकलाकडे बघणार."

तो हसला. इतका हसला की ऋषभ धावत आला, त्याला वाटलं कुणाला तरी त्रास होतो आहे. आणि मग, तुझा बाप, जो आजवर यंत्राकडे ढुंकूनही बघत नव्हता, त्यानं स्टूल पुढे ओढलं, चष्मा पुसून घातला आणि ऋषभला विचारलं, "भैया, ये वाली नली कहाँ जाती है? ज़रा शुरू से समझाइए।"

रेल्वेचा माणूस आहे. आता सगळं विचारून घेईल.

तुझी,
आत्या